एक कोटी माणसांचा शिधा

१९७१ च्या युद्धावर परीक्षेत प्रश्न आला की आपण सर्वजण जवळजवळ सारखेच उत्तर लिहितो. ३ डिसेंबरला युद्धास तोंड लागले, १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली, तेरा दिवसांत एका नव्या राष्ट्राचा जन्म झाला. गेल्या सत्रात मीही तसेच लिहिले होते आणि वर सुबक नकाशाही काढला होता. पेपर परत मिळाला तेव्हा समासात सरांच्या लाल शाईतील एकच ओळ होती : ‘त्याआधीचे आठ महिने कोठे गेले?’

ते आठ महिने शोधायला म्हणून मी ग्रंथालयात बसू लागले, आणि जे सापडले ते सेनापतींचे नव्हते. ते तांदळाचे, ताडपत्रीचे, जळणाचे आणि संडासांचे होते. सुरुवातीला मला स्वतःलाच वाटले, की हा काय लेखाचा विषय झाला? पण जसजशी वाचत गेले तसतसे ध्यानात आले, की युद्धातून जीव वाचवून आलेली माणसे पुढे छावणीत जगतात की मरतात, हे बऱ्याच अंशी याच किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर ठरते.

२५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कराने कत्तल आरंभली. त्यानंतर पूर्व बंगालमधून भारतात येणाऱ्यांचा ओघ सुरू झाला. मे महिन्यात तर दिवसाला सरासरी एक लाखाच्या आसपास माणसे सरहद्द ओलांडत होती. एक लाख म्हणजे एखादे मध्यम शहर; तेवढे शहर रोज, रिकाम्या हातांनी, दारात येऊन उभे राहत होते. डिसेंबरच्या मध्यापर्यंत सरकारी नोंद ९८,९९,३०५ वर पोहोचली. त्यांपैकी ६७,९७,२४५ जण ८२५ छावण्यांत होते. उरलेले एकतीस लाख नातलगांकडे वा ओळखीच्यांकडे सामावले गेले. (या एकतीस लाखांचा संसार ज्या घरांनी ओढला, त्या घरांविषयी कोणी स्वतंत्र पुस्तक लिहिले असेल तर ते मला वाचायला आवडेल.) केंद्र सरकारने कलकत्त्यात पुनर्वसन खात्याची एक शाखाच उघडली आणि तिची सूत्रे कर्नल पी. एन. लुथ्रा यांच्याकडे दिली.

आता हे आकडे मी घरी वडिलांना वाचून दाखवले. ते मार्केट यार्डात हमाल आहेत. शाळा त्यांनी चौथीत सोडली, पण मालाचा हिशेब त्यांना कागदाशिवाय येतो. आकडे ऐकून त्यांनी हळहळ व्यक्त केली नाही. एवढेच विचारले, “पोती उतरून घ्यायला किती माणसं हुती?”

मला उत्तर देता आले नाही. मग आम्ही दोघांनी मिळून एक हिशेब मांडला. दर माणशी दिवसाला चारशे ग्रॅम धान्य धरू या. मुले निम्मे खातात हे खरे. पण डाळ, तेल, मीठ आम्ही हिशेबात धरलेच नाही, तेव्हा फिट्टंफाट. छावणीतील अडुसष्ट लाखांना रोज सुमारे २७०० टन धान्य लागेल. त्या काळी पोते शंभर किलोचे असे, म्हणजे रोज सत्तावीस हजार पोती. आठ टनांचा एक ट्रक धरला तर साडेतीनशेच्या जवळपास ट्रक, आणि हे रोज. रविवार नाही, सण नाही, पावसाची सुटी नाही. वडील म्हणाले, “ट्रक आला म्हंजे माल आला न्हवं. उतरला, मोजला, झाकला, मग आला.” पुरवठाशास्त्रावरील पुस्तकांत हेच पाच पानांत सांगितले आहे.

हा माल जाणार कोठून? पश्चिम बंगालमध्ये निदान कलकत्ता बंदर व रेल्वे हाताशी होती. तरी सरहद्दीकडे जाणारे रस्ते थोडे, त्यांवर समोरून माणसांची रीघ, आणि जूनपासून पाऊस. त्रिपुराची गोष्ट त्याहून अवघड. १९७१ च्या जनगणनेत त्या चिमुकल्या राज्याची लोकसंख्या साडेपंधरा लाखांच्या आसपास होती. तेथे सुमारे १४ लाख निर्वासित आले. जवळजवळ प्रत्येक माणसामागे एक पाहुणा! फाळणीपूर्वी आगरतळ्याचा माल आखौरा स्थानकावर उतरे, आणि ते स्थानक शहरापासून काही किलोमीटरांवर होते. फाळणीने ते स्थानक पलीकडे गेले. मग कलकत्त्याहून निघालेला माल उत्तरेला सिलीगुडीच्या चिंचोळ्या पट्टीतून आसामात, तेथून वळून धर्मनगरला, आणि तेथे रेल्वे संपत असल्याने पुढे डोंगरातील रस्त्याने सुमारे दोनशे किलोमीटर आगरतळ्याला. एकूण सोळाशे किलोमीटरांहून अधिक. नकाशात पाहाल तर कलकत्ता व आगरतळा ही शहरे वीतभर अंतरावर दिसतात. परीक्षेत नकाशा काढताना मी सैन्याचे बाण दाखवले होते. तांदळाचा बाण काढावा लागला असता तर तो नकाशाबाहेरच गेला असता.

एवढ्या लांबून येणाऱ्या मालाविषयी एक गोष्ट ओघानेच आली. वाटेत कोठेतरी तो साठवावा लागतो, आणि साठवणुकीत माल जातो. वडिलांच्या यार्डात थप्पी कधी जमिनीवर लावत नाहीत, खाली लाकडी फळ्या घालतात. भिंतीला टेकवत नाहीत, हात जाईल एवढी फट ठेवतात. आणि आधी आलेले पोते आधी बाहेर काढतात. हे पाळले नाही तर खालच्या रांगेतील तांदूळ कुबट होतो, आणि छावणीतील माणूस तो फेकू शकत नाही, खातो. बंगालच्या पावसाळ्यात ताडपत्री माणसांवर घालावी की धान्यावर, असा प्रश्न पडावा अशी स्थिती होती. तंबू अपुरे होते. शाळा भरल्या, कॉलेजे भरली. कलकत्त्याच्या कडेला माणसे गटारांसाठी आणलेल्या सिमेंटच्या मोठ्या नळांत संसार मांडून बसली. त्यांची छायाचित्रे जगभर छापून आली. नळ गोल असतो, त्यात झोपताना पाठ सरळ होत नाही, एवढेच ती छायाचित्रे पाहताना माझ्या मनात येत राहिले.

माल पोहोचला, साठवला, आता वाटप. येथे पहिली गरज धान्याची नसून वहीची असते. माणसे मोजल्याशिवाय शिधा मागवता येत नाही आणि कार्ड दिल्याशिवाय तो वाटता येत नाही. सरहद्दीवर नाव नोंदवायचे, लस टोचायची, कार्ड द्यायचे आणि मग छावणीची वाट दाखवायची, असा क्रम असे. ऐकायला सोपे आहे. पण दिवसाला लाख माणसे येत असताना कोणी दोनदा नोंदला जातो, कोणी राहूनच जातो. घरातला एखादा दगावला तरी त्याचे नाव कार्डावर राहते, कारण त्या नावाचा तांदूळ उरलेल्यांना हवा असतो. याला मी लबाडी म्हणणार नाही. परंतु मोजणारा त्यामुळे सगळ्यांकडेच संशयाने पाहू लागतो आणि खरोखरी सुटलेल्या माणसाला दाद मिळत नाही. रांगेचेही तसेच. रांग म्हणजे न्याय, असे आपण मानतो. प्रत्यक्षात रांगेत तासन् तास उभे राहू शकतो तो धडधाकट माणूस. बाळंतीण, म्हातारी, आईबाप हरवलेले पोर, यांच्यासाठी रांग हा न्याय नव्हे. त्यांच्यासाठी शिधा त्यांच्यापर्यंत न्यावा लागतो, आणि त्याला पुन्हा माणसे लागतात.

शिधा कच्चा मिळतो हेही विसरता कामा नये. तांदूळ हातात आला, पुढे काय? भांडे हवे, पाणी हवे, जळण हवे. माणशी किलोभर लाकूड धरले तर जळणाचे वजन धान्याच्या दुपटीहून जास्त होते! जळण पुरवले नाही तर आसपासची झाडे तुटतात, आणि झाडे तुटली की गावकरी व छावणीकरी यांच्यात भांडणे लागतात. अर्धा कच्चा भात पोटात गेला की लहान मुलांना जुलाब लागतात. मदत पाठवणारा धान्याची पोती मोजून समाधान मानतो. चुलीपर्यंत त्याची नजर जात नाही.

पाणी ही मात्र वाहून नेण्याची वस्तूच नव्हे. आज आपत्तीतील मदतकार्यासाठी ‘स्फिअर’ नावाची आंतरराष्ट्रीय मानके आहेत. १९९७ पासून मदतसंस्थांनी एकत्र येऊन ती तयार केली. त्यांत माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, एका नळावर फार तर २५० माणसे, माणशी साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा, दिवसाला २१०० कॅलरींचे अन्न आणि वीस माणसांमागे एक संडास, असे सांगितले आहे. वीस हजारांची छावणी धरली तर रोज तीन लाख लिटर पाणी झाले, म्हणजे दहा हजार लिटरांच्या टँकरच्या तीस खेपा. ते कोण आणणार? म्हणून पाणी जेथे आहे तेथेच काढावे लागते, हातपंपाच्या कूपनलिका ठोकाव्या लागतात. १९७१ साली असे कोणतेही मानक लिहिलेले नव्हते. जून-जुलैमध्ये बंगालभर पाणीच पाणी होते आणि पिण्याजोगे फार थोडे होते.

संडासाच्या आकड्याशी मी बराच वेळ थांबले, त्याला कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे महापूर आला तेव्हा मी सातवीत होते. आम्ही आठ दिवस उंचावरच्या एका गावात शाळेत राहिलो. युद्धाशी त्याची तुलना मी करणार नाही. आमच्यावर कोणी बंदूक रोखली नव्हती आणि घर परत मिळणार हे ठाऊक होते. मदतही भरपूर आली. जुन्या कपड्यांचा तर व्हरांड्यात डोंगर झाला. त्यात लग्नातला कोट होता, नायलॉनच्या साड्या होत्या, आणि बायकांना त्या आठ दिवसांत जे खरोखर लागते ते नव्हते. बिस्किटे इतकी आली की पोरे त्यांच्या पुड्यांची घरे बांधू लागली. बादल्या नव्हत्या. संडास चार, आणि आम्ही तीनशेच्या वर. माझ्या आजीने तिसऱ्या दिवसापासून पाणी पिणे सोडले. “जायला लागतंय बाई, अंधारात चिखलातनं,” एवढेच ती म्हणाली. पाचव्या दिवशी ती भोवळ येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, अंगातले पाणी कमी झाले आहे. आवारात पाण्याच्या बाटल्यांचे खोके रचलेले होते! वीस माणसांमागे एक संडास हा आकडा मी वाचला तेव्हा मनाशी भागाकार केला. पंधरा हवे होते.

आता पुन्हा बंगालकडे वळते, कारण अंगातले पाणी संपणे हीच तेथील सर्वांत मोठी गोष्ट ठरली. मेअखेरीपासून छावण्यांत कॉलरा पसरला. कॉलऱ्यात माणूस जंतूपेक्षा पाणी गेल्याने मरतो. दिवसात कित्येक लिटर पाणी व क्षार शरीराबाहेर जातात. त्यावर त्या वेळी सर्वमान्य असलेला उपाय म्हणजे शिरेतून सलाईन. बनगाव हे सरहद्दीजवळचे गाव. तेथील छोट्या रुग्णालयात जूनच्या अखेरीस डॉ. दिलीप महालनबीस हे कलकत्त्यातील जॉन्स हॉपकिन्स संशोधन केंद्राचे तरुण डॉक्टर पोहोचले. दोन खोल्यांत जमिनीवर रोगी पसरलेले होते. सुई टोचायला गुडघे टेकायचे म्हटले तर ओकारी व जुलाबांतच टेकावे लागत होते. दोन दिवसांत त्यांना कळून चुकले, की सलाईन पुरणार नाही. आणि सलाईन लावता येणारी माणसे तर त्याहून थोडी.

हा केवळ वैद्यकाचा पेच नव्हता, पुरवठ्याचा होता. सलाईनची एक लिटरची बाटली किलोहून अधिक वजनाची, काचेची, फुटणारी. तिच्याबरोबर निर्जंतुक सुई, नळी आणि शिकलेला हात हवा. एका गंभीर रोग्याला अशा अनेक बाटल्या. साडेतीनशे ट्रक तांदूळ ज्या रस्त्यावरून जाऊ शकत नव्हते, त्याच रस्त्याने हे यायचे होते.

ग्लुकोज असले की आतड्यातून मीठ व पाणी शोषले जाते, हे शास्त्रज्ञांना ठाऊक झाले होते. खुद्द ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत १९६८ साली डेव्हिड नलिन व रिचर्ड कॅश यांनी तोंडावाटे दिलेल्या अशा द्रावणाने कॉलऱ्याच्या रोग्यांवर उपचार करून दाखवले होते. पण ते सर्व देखरेखीखाली, रुग्णालयात. छावणीत, नातेवाइकांच्या हातून ते द्यावे असे कोणी म्हणत नव्हते. महालनबीस यांनी ते केले. कलकत्त्यातील केंद्राच्या ग्रंथालयाच्या खोलीत एक रांग मांडली. एकाने ग्लुकोज तोलायचे, दुसऱ्याने मीठ, तिसऱ्याने खाण्याचा सोडा. शेवटच्याने पॉलिथीनची पिशवी गरम इस्त्रीने बंद करायची. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. बनगावात त्या पुड्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपांत विरघळवल्या, आणि आई, भाऊ, मुलगा, जो कोणी रोग्यापाशी असेल त्याच्या हाती मग देऊन सांगितले, की पाजत राहा. लोकांचा विश्वास सुईवर. म्हणून त्याला ‘तोंडाने घ्यायचे सलाईन’ म्हटले. सलाईन हा शब्द लोकांच्या ओळखीचा होता. जे अगदीच गलितगात्र झाले होते, त्यांना प्रथम शिरेतून द्यावेच लागे. पण त्यांच्यासाठी आता बाटल्या शिल्लक राहू लागल्या.

आठ आठवड्यांत तेथे ३७०० च्या आसपास रोग्यांवर उपचार झाले. पूर्वी शंभरांतील तीस दगावत होते. या उपचारकेंद्रात ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. हा अहवाल १९७३ साली प्रसिद्ध झाला, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत जगभर नेली. आज आपल्या गावच्या उपकेंद्रात आशाताई देतात ती क्षारसंजीवनीची पुडी याच घराण्यातली. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

वडिलांना मी हेही सांगितले. त्यांनी लगेच विचारले, “एका लिटरला पावडर किती?” मी बेरीज केली, २८ ग्रॅम. मग त्यांनी तोंडी हिशेब केला आणि मी वहीत. उत्तर माझे उशिरा आले. आजच्या पन्नास किलोच्या एका पोत्यात सतराशे ऐंशी लिटरांवर औषध होते. तेवढ्याच सलाईनच्या बाटल्या आणायच्या तर दोन टनांकडे भार जातो, वर काच. “हे एक माणूस पाठीवर न्हेतो,” ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एखादी अवघड थप्पी सरळ लागल्यावर दिसते तसे समाधान दिसले. पाणी वाहून न्यायचे नसते, ते तेथेच असते. न्यायचे ते फक्त पाण्यात नसलेले. आणि द्यायला डॉक्टर लागत नाही, ज्याला रोग्याची काळजी आहे तो पुरतो. एवढ्या दोन गोष्टी बदलल्यावर छावणीतील हजारो रिकामे हात पुरवठ्याच्या कामाला लागले. तोवर ते सगळे हात कार्ड घेऊन रांगेत उभे होते.

पैशाचे काय झाले हे थोडक्यात सांगते. परदेशांतून मदत आली, पण भार मुख्यतः आपल्या देशाने उचलला. १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावणे सक्तीचे झाले. त्यावर ‘शरणार्थी सहायता’ असे छापलेले असे. पुढे हे तिकीट आपल्या नाशिकच्या छापखान्यात छापून निघाले. आजोबांचे भाऊ मुंबईला गिरणीत होते. त्यांनी पाठवलेल्या एका पाकिटावर ते चिकटलेले मला आजीच्या ट्रंकेत सापडले. पत्रात बंगालविषयी एक अक्षर नाही, धाकट्या बहिणीच्या लग्नाचे पैसे पाठवतो म्हणून लिहिले आहे.

युद्ध संपले त्या दिवशी छावण्यांतील चुली विझल्या नाहीत. १७ डिसेंबरलाही ते सत्तावीसशे टन लागणारच होते. जानेवारी १९७२ पासून परतीचा प्रवास सुरू झाला, खास गाड्यांनी, ट्रकांनी आणि पुष्कळांचा पायी. फेब्रुवारीअखेर नव्वद लाखांहून अधिक माणसे आपल्या देशी गेली होती. गावी घर जळालेले, शेत पडीक, दुकान नाही, हे ठाऊक असल्याने निघताना प्रत्येक कुटुंबाला वाटेतले खाणे आणि वर दोन आठवड्यांचा शिधा देण्यात येई.

मी हिशेब केला. पाच माणसांचे घर, चौदा दिवस, माणशी चारशे ग्रॅम, अठ्ठावीस किलो. वडिलांना विचारले, एवढे ओझे पायी किती लांब नेता येईल?

“परत घरी जायचं असंल तर,” ते म्हणाले, “लई लांब.”